दार कुठल्या बाजूला?

सुतार असलेल्या थोरल्या भावाचं पत्र महिनाभर अण्णांच्या पुस्तकात खूण म्हणून पडून होतं. "बागेत अवजारांसाठी शेड बांधतोयस म्हणे, तेही स्वतःच्या हाताने! दार कुठल्या बाजूला ठेवणार, तेवढं कळव. चुकलास तर जन्मभर हसेन."

अण्णांनी शेड बांधण्यावरची तीन पुस्तकं वाचली. तिन्हींत दार वेगवेगळ्या बाजूला होतं, त्यामुळे उत्तरही राहिलं आणि दारही. "ते शेवटी बघू," म्हणत त्यांनी खांबांवर पत्रे टाकले आणि खिळे बाहेरून दिसायला नकोत म्हणून आत उभं राहून चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या.

संध्याकाळी बायकोने फळीवर टकटक केली. "अहो, जेवायला येताय ना?"

आतून एकेक करून चारी बाजूंच्या फळ्या ढकलून पाहिल्याचा आवाज आला.

"करवत आणू का?"

"पण कापू कुठल्या बाजूला? दादा हसेल गं! तू आधी कागद आणि पाकीट सरकव."

सकाळी फटीतून बाहेर आलेलं उत्तर तिने कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं:

"दादा, दाराचं अजून ठरत नाहीये. सवडीने येऊन सांग. मी कुठे जात नाही."