टिप्याच्या स्वप्नात

या, जवळ सरका. बुवा कीर्तनाला उभे राहायच्या आत आपल्याच गल्लीतली कथा सांगतो.

सारजाबाईचा टाळकरी नवरा दिवाळीत गेला. पुढच्याच कीर्तनात बुवा म्हणाले, "माणूस असो की जनावर, जीव ज्याच्यासाठी तळमळतो तोच झोपेत भेटतो."

शेजारणीनं कोपरानं ढोसलं. "काय गं, तुला दिसतो का?"

सारजाबाई उठून घराकडे निघाली. तो एकदाही दिसला नव्हता.

घरी आली, तर त्याचा लाडका कुत्रा टिप्या उंबऱ्याशी झोपलेला. पाय हलत होते, शेपटी फरशीवर आपटत होती. ठेका टाळाचाच!

"जन्मभर भाकरी माझ्या हातची खाल्ली, आणि भेटायला येतो कुत्र्याला?" तिनं टिप्याला लाटणं मारून उठवलं. मग रोज तेच. त्याची शेपटी हलली, की लाटणं.

शेवटी टिप्या घर सोडून गेला.

आम्ही बुवांना हे सांगितलं, तर त्यांनी हातातल्या चिपळ्या खाली ठेवल्या. "अरे, तिला मुळात झोप लागते का, हे कुणी विचारलंच नाही."

आता त्या घरात तिचा नवरा कुणालाच भेटत नाही. आज आरतीला हात जोडाल, तेव्हा सारजाबाईला आठवा. तिच्यासाठी थोडी झोप मागा.