सॉसचा चमचा

वर्षभरापूर्वी बाबांचे कान गेले, तेव्हापासून इटलीतल्या मोदेना शहरातलं आमचं गॅरेज मी एकटीच रेटत होते. एका जुन्या लाल स्पोर्ट्स कारच्या इंजिनातली टकटक दोन दिवस शोधूनही सापडेना. ‘उद्या अख्खं इंजिन खोलते,’ असं पाटीवर लिहून मी बाबांना दाखवलं. “खुळी की काय!” म्हणत ते स्वयंपाकघरात गेले आणि आईचा सॉस ढवळायचा लांब लाकडी चमचा घेऊन आले. दांडी दातांत धरून त्यांनी दुसरं टोक चालू इंजिनावर ठिकठिकाणी टेकवलं. एका जागी थबकले, हसले. “तिसरा व्हॉल्व्ह सैल झालाय. गार झाल्यावर पाना फिरव, बास!” मी इंजिन बंद केलं, दांडी परत त्यांच्या तोंडात दिली, चमचा माझ्या गळ्याला लावला आणि ओरडले, “बाबा!” “ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?” दांडी काढून ते म्हणाले आणि त्यांनी ती पुन्हा दातांत धरली.