भाऊबिजेचा परतावा

"पप्पा, कंपनीची स्वतःची कमाई किती होती?" सईनं तिसऱ्यांदा विचारलं.

जोतीराम खेकसला, "कमाई घाल चुलीत! अक्काला काय सांगू ते बोल की!"

ज्या कंपनीत पैसे गुंतवले होते, तिच्या ऑफिसला सकाळीच कुलूप लागलं होतं. साहेबांचे फोन बंद होते. आणि त्याची थोरली बहीण, तानाबाई अक्का, बातमी ऐकून कोडोलीहून एसटीनं निघाली होती. तिला तोंड कसं दाखवायचं, या एकाच विचारानं त्याचा जीव टांगणीला लागला होता.

दाजी गेल्यावर अक्काला फंडाचे आठ लाख मिळाले होते. ते यंदाच्या दसऱ्याच्या मुहूर्तावर, महिना दहा टक्क्यांवर, यानंच या कंपनीत भरायला लावले. "माझ्यावर इस्वास हाय न्हवं?" एवढंच तो म्हणाला होता. अक्कानं कागद न वाचता सह्या केल्या. तिला अजून एक पैसाही मिळाला नव्हता.

त्याचं स्वतःचं मात्र वसूल झालं होतं. तीन लाख घातले, चौदा महिने तीस-तीस हजार आले. "चार लाख वीस. म्हंजे चाळीस टक्के नफा," तो पुटपुटला, आणि एवढ्या घोरातही त्याला जरा बरं वाटलं. माणूस मोठा लबाड. कारखान्यात लेथ मशीनवर केसभराचा फरक पकडणाऱ्या या गड्यानं हा नफा कशातून निघतो, हे चौदा महिन्यांत एकदाही मोजलं नव्हतं.

मोजलं पोरीनं. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. "कमाई शून्य, पप्पा. धंदाच न्हवता. नव्या माणसांनी भरलं, तेच जुन्यांना वाटलं. तुमचा परतावा म्हंजे दुसऱ्याचं मुद्दल."

जोतीराम बोटांवर महिने मोजू लागला. दसऱ्याला अक्काचे आठ लाख गेले होते. दिवाळीच्या तोंडावर त्याला तीस हजार आले होते.

तेवढ्यात अक्का आली. ओरडली नाही, रडली नाही. त्यामुळं तो जास्तच भ्याला. पाणीसुद्धा न घेता ती खाली टेकली. कानांतल्या सोन्याच्या कुड्या काढून तिनं त्याच्या हातावर ठेवल्या.

"ह्या भाऊबिजेला तूच घातल्यास. मोड ह्या. माझं जाऊ दे, मी एकटा जीव. तुझी पोरगी शिकतीया. तुझं किती बुडालं रं?"

'लई बुडालं' म्हटलं असतं तर तो सुटला असता. तिनं वर पाठीवरून हात फिरवला असता. सई त्याच्याकडं बघत होती.

जोतीरामनं कुड्या अक्काच्या पदरात परत टाकल्या आणि तिचे पाय धरले.

"माझं काय बी बुडालं न्हाय, अक्का. ह्या कुड्या बी तुझ्याच पैशाच्या हायत."