उजवा स्पीकर

“परत तेच! उजवीकडचा माणूस बोलला की अंगावर धावून आल्यासारखं वाटतं,” दातांच्या डॉक्टरीणबाई सोफ्यावरून म्हणाल्या. “आज तिसरी फेरी आहे तुमची. आणि मला चारला दवाखाना उघडायचाय.”

कानसेन टीव्हीपुढे उकिडवा बसला होता. हे नाव त्याला धंद्यातल्याच लोकांनी दिलेलं, आणि तेही कौतुकाने. बावीस वर्षं त्याने लोकांच्या घरची होम थिएटर्स निव्वळ कानाने लावली होती. सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या रिसीव्हरच्या खोक्यात एक चिमुकला माइक येतो. तो सोफ्यावर ठेवला की रिसीव्हर आपला आपणच सगळे स्पीकर जुळवून घेतो. कानसेनने त्याला कधी हात लावला नव्हता. “माइकला काय कळतंय? त्याने कधी गाणं ऐकून मान डोलावलीय का?” असं तो म्हणायचा आणि गिऱ्हाइकं हमखास हसायची.

या महिन्यात तीन गिऱ्हाइकं हसली नव्हती. आणखी एक तक्रार आली की तुमची कामं बंद, असं त्याला कामं देणाऱ्या दुकानाच्या मालकाने सकाळीच तोंडावर सांगितलं होतं. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं.

त्याने पुन्हा चाचणीचा आवाज सोडला. डावा स्पीकर, शूंऽऽ. उजवा, शूंऽऽ. बाई काहीही म्हणोत, उजवा किंचित कमीच होता. भर चौकात उभं राहून सांगितलं असतं त्याने.

“स्पीकरच बिघडलाय, बाई.”

वायरी ओढायला, शिडी धरायला त्याची बायको नेहमी सोबत असायची. तिने खोक्यातून माइक काढला.

“ठेव तो आत.”

“अहो, एकदा लावून तर बघू. बाईंचं समाधान होईल.”

बाईंसमोर तमाशा नको म्हणून तो बाजूला सरकला. तिने पंखा बंद केला, माइक सोफ्यावर बसणाऱ्याच्या कानाइतक्या उंचीवर ठेवला आणि तिघंही भिंतीला चिकटून उभी राहिली. प्रत्येक स्पीकर आळीपाळीने चिवचिवला. दोन मिनिटांनी पडद्यावर आकडे आले. माइकने उजवा स्पीकर चांगला सात डेसिबलने खाली आणला होता. म्हणजे कानसेनने वाढवला होता तेवढा सगळा.

“वा!” बाई सोफ्यावर बसून म्हणाल्या. “आता कसं छान वाटतंय.”

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “पडद्यामुळे होतंय ते,” तो म्हणाला आणि पडदे सरकवले. माइकने तोच आकडा दिला. त्याने गालिचा गुंडाळला, टेबल हलवलं, पुन्हा तोच. मग त्याने जिवाचा आटापिटा करून ते दोन जड स्पीकर उचलले आणि एकमेकांच्या जागी ठेवले. बिघाड स्पीकरमध्ये असता तर आता डावीकडचा कमी आला असता. त्याच्या कानाला उजवाच कमी आला. त्याने वायरी बदलल्या. उजवाच. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

“झालंय ना आता? मग कशाला उकरताय?” बाई म्हणाल्या.

बायकोने स्टूल ओढून आणलं. “टीव्हीकडे पाठ करून बसा.”

“वेड लागलंय का तुला?”

“बसा हो. माझ्यासाठी बसा.”

तो पाठ करून बसला. तिने आवाज सोडला. शूंऽऽ, आणि मग शूंऽऽ. आता डावा स्पीकर कमी येत होता. खोली तीच होती, स्पीकर जागचे हलले नव्हते. फिरला होता फक्त तो. ही हल्ली रस्त्याने कायम आपल्या डाव्या बाजूने चालते, जेवताना खुर्ची उचलून डावीकडे येते, हे त्याला तिथे, त्या स्टुलावर बसल्यावर आठवलं.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“वर्ष होत आलं.” तिचे डोळे भरले होते. “वाटलं, सर्दीने दडे बसले असतील. मग सांगायचा धीरच होईना.”

त्याला तिचा भयंकर राग आला. स्वतःपेक्षाही तिचा जास्त आला. आणि तरी त्याला अजून आशा होती. थोडंफार कमी झालं असेल, तेवढं सांभाळून घेता येईल, डॉक्टर करता येईल. तो स्टूल फिरवून पुन्हा टीव्हीकडे तोंड करून बसला.

“फक्त उजवा लाव. एकटाच. आणि चांगला मोठ्ठा लाव.”

त्याने डाव्या कानात बोट खुपसलं, वरून तळहात दाबून धरला आणि सगळा जीव उजव्या कानात गोळा केला. बायकोचा अंगठा रिमोटवर होता. डॉक्टरीणबाईंनी दचकून दोन्ही कानांवर हात ठेवले. टेबलावरच्या पेल्यात पाणी थरथरत होतं.

“लाव ना,” तो बायकोला म्हणाला. “लाव की गं आता.”