ब्रेक मारल्याची खूण

"गियर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. तुझ्या गाडीच्या बरोब्बर उलटं, विसरू नकोस," मेकॅनिककाका म्हणाले. मी नुसतीच मान हलवली. दादा ज्यात गेला त्या अपघातापासून ताडपत्रीखाली गंजत पडलेली बाबांची मोटारसायकल एका किकमध्ये धडधडायला लागली होती. माझं लक्ष कुठं जाग्यावर होतं?

त्या दिवशी स्वतःची गाडी पंक्चर म्हणून दादानं ही नेली होती, पहिल्यांदाच. रस्त्यावर ब्रेक मारल्याची खूणसुद्धा सापडली नाही. त्याची नोकरी नुकतीच गेलेली. त्यानं मुद्दामच केलं, असं गावानं समजून घेतलं. बाबांनीही.

घराजवळच्या उतारावर म्हैस आडवी आली. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी थांबेना. पुन्हा दाबला, तशी ती उलट मोकळी सुटली. समोर विहिरीचा कठडा! मी डोळे मिटून हँडल वळवलं आणि कडब्याच्या गंजीत घुसले. गाडी तिथंच रुतून बंद पडली.

बाबा अनवाणी धावत आले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"ब्रेक का नाही मारलास गं? तूसुद्धा..."

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय ब्रेक समजून अजूनही गियरच दाबून धरत होता.

"मारला, बाबा," मी म्हणाले. "दादानंही मारला होता."