कवडी कोंबडी आणि विहिरीतली कोल्हीण

"सत्त्याहत्तर," प्रज्ञा म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसली.

ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि त्यावर एका कोल्हिणीची गुणसूत्रं पसरली होती. म्हणजे त्यांचा फोटो. सूक्ष्मदर्शकातून फोटो घ्यायचा, मोठा करायचा, कात्रीनं एकेक गुणसूत्र कापायचं, सारख्याला सारखं लावून जोड्या जमवायच्या आणि डिंकानं तक्त्यावर चिकटवायच्या, ही त्या नव्व्याण्णव सालची रीत. कोल्ह्याची गुणसूत्रं भरतात अठ्ठ्याहत्तर. कापायच्या आधी मोजून घे, असं प्रयोगशाळेतल्या सरांनी बजावलं होतं. पण आईबापाला दाखवायच्या हौसेनं प्रज्ञाबाई ते काम पुण्याहून महाळुंगे पडवळला घेऊन आल्या, आणि त्या हौसेत मोजायचं तेवढं राहिलं. आता बसा.

उद्या पहिल्या एसटीनं जाऊन तक्ता सरांच्या हातात द्यायचा होता. तो बिनचूक असला तर सर तिला पुढच्या संशोधनावर घेणार होते. जागा एकच होती आणि प्रज्ञाला ती हवी होती.

"पडलं आसंल हितंच कुटंतरी," तिचा बाप भागुजी म्हणाला. त्यानं चटई झटकली, पायताणं उलटी केली, शेवटी स्वतःची टोपीही झाडून पाहिली. मग त्याची नजर अंगणात गेली. बायकोची कवडी कोंबडी मातीत चोच पुसत उभी होती.

"हिनं गिळलं. मगाशी वट्यावर चढली व्हती, मी बघितली ना."

पटण्यासारखंच होतं. फोटोतली गुणसूत्रं दिसायला थेट अळ्या. कोंबडीला काय कळतंय कागद का किडा. भागुजीनं तिला डालग्याखाली कोंडलं आणि सुरी शोधायला लागला. कोंबडी कापायची, पोटातला तुकडा धुऊन पुसून घ्यायचा आणि चिकटवून द्यायचा, असा त्याचा साधा हिशेब होता.

त्याची बायको बायडाबाई येऊन डालग्याला पाठ लावून बसली.

"हात लावून दावा. सात कोंबड्या खाल्ल्या त्या कोल्हिणीनं माज्या. ही एक ऱ्हायलीया. आन त्याच भवानीच्या फोटूपायी हिला बी कापता व्हय?"

राग जुना होता. गेल्या उन्हाळ्यात ती कोल्हीण भागुजीच्या विहिरीत पडली, तेव्हा 'ऱ्हाऊ द्या तिथंच' म्हणणारी बायडाबाई एकटीच. भागुजीनं वनखात्याच्या माणसांना हाताशी घेऊन दोरांनी बाज खाली सोडली आणि कोल्हीण वर काढली. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं रक्त घेतलं. कोल्हीण उसात पळाली, रक्त प्रज्ञाच्या प्रयोगशाळेत गेलं. त्यातलाच हा फोटो.

"दुसरा फोटू न्हाई का?" भागुजीनं विचारलं. "त्यातलं एक कापून लाव. एका मोटारीचा नट आपुन दुसरीला लावतोच की."

"ती लबाडी होईल, आबा."

पण फोटो होता. त्याच कोल्हिणीच्या दुसऱ्या पेशीचा, न कापलेला, पाकिटात बंद. प्रज्ञानं पाकीट फाडलं. या वेळी तिला शहाणपण सुचलं. कात्री बाजूला ठेवली आणि एकेका गुणसूत्रावर पेन्सिलीचा ठिपका देत मोजत गेली.

सत्त्याहत्तर.

बंद पाकिटात काही कोंबडी शिरली नव्हती.

तिनं ओट्यावरच्या तुकड्यांच्या जोड्या भराभर लावल्या. एक हरवलं असतं तर जोडीदाराविना एकच उरलं असतं. उरली तीन. दोन आखूड आणि एक लांब. तिनं दोन्ही आखूड गुणसूत्रं टोकाला टोक लावून लांबड्याशेजारी ठेवली. लांबी जुळली. अंगावरचे पट्टेसुद्धा जुळले.

"हरवलं काहीच नाही, आबा! दोन गुणसूत्रं चिकटून एक झालंय."

"मंग कोल्हीण आधू म्हनायची?"

"कशानं? सगळं आहे तिच्यात, नुसतं जोडलंय. अशा जोडण्या पिढ्यान्‌पिढ्या होत गेल्या की जातीची मोजणीच बदलते, असं सर शिकवतात. कोल्ह्याची अठ्ठ्याहत्तर, आणि त्याच्याच भावकीतल्या खोकडाची साठ. मी नुसतं वाचलं होतं. इथं ते आपल्या विहिरीतनं वर आलंय."

ती हसत सुटली. तक्ता चुकलेला नव्हताच. असा तक्ता सरांच्या टेबलावर कुणीच ठेवला नसणार. तिनं आईला मिठी मारली, ती डालग्यासकट.

भागुजीला फार आनंद झाला. "पोरीनं नाव काढलं. आता तर कोंबडी पायजेच," तो म्हणाला. बायडाबाईनं डालग्याला पाठ आणखी रेटली. त्यानं हातातली सुरी जागेवर नेऊन ठेवली.

दिवस मावळला. प्रज्ञा शेवटचं लांबडं गुणसूत्र चिकटवत होती. बायडाबाईनं डालगं उचललं. कवडी पंख झाडत बाहेर आली आणि काही झालंच नाही अशी दाणे टिपायला लागली. तेवढ्यात उसातून कोल्हेकुई उठली. रोज या वेळेला बायडाबाई अंगणात उभी राहून उसाकडं तोंड करून शिव्या घालायची. बापलेक वाट बघत राहिले.

बायडाबाईनं पदर खोचला, उसाकडं तोंड केलं.

"सात खाल्ल्यास, आटवी वाचिवलीस. जा बये, फिटलं."