लोटलेलं दार

"शाळेत बाथरूमची कडी लावायची नाही. दार नुसतं लोटायचं आणि आतून गाणं म्हणायचं," त्या रविवारी आई माझ्या लेकीला शिकवत होती. "मग साबणानं हात, बोटांच्या फटींसकट." "कडी लावली तर?" "तुझी आई शाळेत अडकली होती. सुतार येईपर्यंत मी दाराला चिकटून सांगत होते, 'मी इथेच आहे.'" "पण आजी, तू लावतेस!" "मी काय शाळेत जाते? आगाऊ!" दोघी खिदळल्या. दुसऱ्याच दिवशी आई बाथरूममध्ये पडली. आतून कडी होती. दार फुटेपर्यंत मी ओरडत राहिले, "आई, कडी काढ! कितीदा सांगितलं!" तिनं शेवटचं तेवढंच ऐकलं असेल. आज शाळेचा पहिला दिवस. निघण्याआधी घरच्या बाथरूमचं दार लोटून लेक आत गाऊ लागली. गाणं मध्येच थांबलं. उखडलेल्या कडीच्या आरपार भोकांवर तळहात ठेवून मी म्हणाले, "मी इथेच आहे, आई."